सवाईची रात्र कुठं गेली?

डिसेंबर लागला की पुण्यात एक प्रश्न फिरायला लागतो: ‘यंदा सवाईला कोण कोण आहे?’ विचारणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी सवाई गंधर्वांचा आवाज ऐकलेला असतो. ‘सवाई’ म्हणजे सव्वापट. मराठी रंगभूमीनं एकेकाळी गंधर्वांची रांगच लावली होती. नारायणराव राजहंस बालगंधर्व झाले, सौदागर गोरे छोटा गंधर्व झाले आणि रामचंद्र गणेश कुंदगोळकर सवाई गंधर्व. आज त्या बिरुदातला पहिला शब्द तेवढा बोलण्यात उरलाय. गंधर्व गळून पडला आणि ‘सवाई’ हे पुण्याच्या थंडीचंच एक नाव झालं.

मी गेली काही वर्षं जाते. मांडव, पडदे, सतरंज्या, मागे खुर्च्या. संध्याकाळ उतरली की जमिनीतून गारवा वर येतो आणि शाली, कानटोप्या बाहेर निघतात. मागच्या बाजूला चहा, वडापाव, पिठलं-भाकरी. तिथंही गाण्याचाच विषय असतो, फक्त आवाज जरा मोठा. हे सगळं इतकं अस्सल पुणेरी वाटतं की त्याची मुळं पुण्याबाहेरची आहेत हे पटकन लक्षात येत नाही.

उस्ताद अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे. किराणा घराण्याचं नाव त्या गावावरून आलं. काही काळ ते बडोद्याच्या दरबारात होते, पुढे मिरजेत राहिले. मधल्या काळात त्यांनी पुण्यात गाण्याची शाळा चालवली, तिचं नाव आर्य संगीत विद्यालय. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हे धारवाडकडच्या कुंदगोळचे, मातृभाषा कन्नड, नाव झालं मराठी संगीत नाटकांत. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. गुरूच्या शोधात अकराव्या वर्षी घरातून पळालेला हा मुलगा हिंडून हिंडून शेवटी कुंदगोळला गुरूच्या दारात पोचला, आणि मोठेपणी पुण्याचा झाला.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्व गेले. पुढच्या वर्षी, १९५३मध्ये, भीमसेनजींनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीनं गुरूच्या स्मृतीसाठी महोत्सव सुरू केला. मंडळाच्या नावातलं ‘आर्य संगीत’ पाहिलंत? मुसलमान उस्तादानं आपल्या शाळेला दिलेलं नाव त्यांच्या शिष्याच्या स्मरणार्थ चालणाऱ्या संस्थेत अजून जिवंत आहे.

काळही लक्षात घ्या. मिरज, सांगली, कोल्हापूर, बडोदा ही संस्थानं नुकतीच, १९४८-४९मध्ये, विलीन झाली होती. गवयांना पोसणारे दरबार संपले होते. पुढे गाणं जगणार कुणाच्या जिवावर, हा प्रश्न खरा होता. सवाईनं दिलेलं उत्तर साधं होतं: तिकीट काढून सतरंजीवर बसणाऱ्या माणसांच्या जिवावर. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, शेजारच्या काकू. रेणुका स्वरूप शाळेचं पटांगण, मग रमणबाग, २०१८पासून मुकुंदनगरातलं महाराष्ट्रीय मंडळाचं मैदान. जागा बदलल्या, उघडं आभाळ राहिलं.

पण एक गोष्ट राहिली नाही. रात्र.

माझी आत्या सत्तरच्या दशकात कॉलेजात होती. घर वाड्यातलं, आजोबा कडक, नियम एकच: सातच्या आत घरात. मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचं तरी भाऊ सोडायला यायचा. वर्षातून दोन-तीन रात्री मात्र हा नियम आपोआप उठायचा, कारण सवाई. शाळेच्या पटांगणात, शहरातली निम्मी ओळखीची माणसं आजूबाजूला, समोर गाणं. तिथं मुलगी रात्रभर बसली तर नाव कोण ठेवणार? आत्या आणि तिच्या मैत्रिणी थर्मास, डबा आणि घोंगडी घेऊन जायच्या आणि उजाडल्यावर चालत घरी यायच्या. ‘रस्ता रिकामा, थंडी मी म्हणतेय आणि कानात तोडी,’ असं ती सांगते. पुढे म्हणते, ‘गाणं किती कळलं देव जाणे. पण पहाटेचं शहर मला सवाईनं दाखवलं.’

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. सवाईचा इतिहास आपण गवयांच्या नावांनी सांगतो. पण त्या काळातल्या कितीतरी मुलींना अख्खी रात्र घराबाहेर काढायची सोय या महोत्सवानं करून दिली, हाही इतिहासच आहे.

मग रात्र गेली कशी? २००० साली केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. नंतर एक सवलत आली: सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं. त्या पंधरांवर गणपती, नवरात्र सगळ्यांचाच हक्क. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या नियमांवर ठाम शिक्का मारला. रात्रभराचं सवाई संपलं. आता दहाला भैरवी, एखाद्या दिवशी बाराला.

हे कळल्यावर मला राग आला होता. डीजेच्या भिंतींसाठी केलेला नियम तानपुऱ्याला कशाला? मग मी तो निकाल वाचायला घेतला. मूळ याचिका दिल्लीतल्या एका इंजिनिअरची. तिला निमित्त झालं ते एका तेरा वर्षांच्या मुलीचं. तिच्यावर बलात्कार झाला. तिनं मदतीसाठी मारलेल्या हाका शेजारी लाऊडस्पीकरवर चाललेल्या संगीतात बुडाल्या. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःला पेटवून घेतलं.

यापुढे राग टिकत नाही. एका बाजूला लाऊडस्पीकरमुळे रात्र मिळालेल्या मुली, दुसऱ्या बाजूला लाऊडस्पीकरमुळेच जिची हाक कुणाला ऐकू आली नाही ती मुलगी. नियमाला आवाज मोजता येतो, त्यातलं गाणं ओळखता येत नाही. आणि ओळखायला लागला, तर ‘आमचंही संस्कृतीच आहे’ म्हणत प्रत्येक मंडळ दारात उभं राहील. म्हणून नियम सगळ्यांना सारखा हवा, हे मला मान्य आहे.

तरी किंमत मोजली गेली, ती नोंदवायला हवी. आपल्या रागांना वेळ असते. दुपारी मुलतानी, सूर्य बुडताना मारवा, दिवेलागणीनंतर यमन, पुढे बिहाग, बागेश्री. मध्यरात्र उलटल्यावर दरबारी, मालकंस. उजाडण्याच्या उंबरठ्यावर ललित, मग भैरव, तोडी. दुपारी सुरू होऊन दहाला संपणाऱ्या मैफलीत यातला अर्धा दिवस मावतच नाही. मालकंस मी नऊच्या सुमाराला ऐकलाय. वाईट नव्हता. पण मध्यरात्रीनंतरचा राग घड्याळ बघत गायला लागला की त्याचा पैस आक्रसतो. ललित तर मी फक्त हेडफोनवर ऐकलाय, तोही बहुतेक वेळा बसमध्ये. माझ्या वयाच्या बहुतेकांचं असंच असणार.

यावर उपाय अगदीच नाही असं नाही. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही, पण तिथं आभाळ नाही आणि सतरंजीही नाही. दुसरी वाट मला पंचांगात सापडली. नियमानं रात्र सकाळी सहाला संपते. डिसेंबरात पुण्यात सूर्य उगवतो सातच्या आसपास. म्हणजे सहा ते सात, कायद्यानं सकाळ आणि आभाळात अजून अंधार. ललितची वेळ. दिवाळी पहाटेला आपण नटूनथटून सहाला जातोच की. महोत्सवाच्या एका दिवशी एकच गायक, एकच राग, भोंगे लहान, गर्दी बेताची. परवानग्यांचे कागद लागतील, शेजाऱ्यांना विचारावं लागेल. विचारावंच.

आत्याला ही कल्पना सांगितली. तिचे गुडघे आता सतरंजीवर बसू देत नाहीत. ती म्हणाली, ‘मी साडेपाचला तयार असेन. तुझं तू बघ.’