चांप्याचे कात्रे आणि कायद्यातील एक शब्द

डिसेंबर महिन्याची २७ तारीख सरकारी सुट्यांच्या यादीत नाही आणि ती असावी असा आमचा आग्रहही नाही. २०१६ साली या तारखेस दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. त्याच्या वर्षदिनी कोठे व्याख्यान होते, कोठे उतरत्या पायवाटेचे उद्घाटन होते, कोठे चार टक्के राखीव जागांचा हिशेब निघतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु कायद्याच्या परिशिष्टात ज्या एकवीस अवस्था नोंदल्या आहेत, त्यांतील एका शब्दाकडे मात्र या दिवशी फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे ‘कुष्ठमुक्त’. आम्ही भिलाईत राहतो आणि या शब्दाच्या इतिहासाची एक वाट आमच्या दारावरून, दुर्गाहून बिलासपुराकडे जाणाऱ्या रुळांवरून गेलेली आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आपल्याकडे या रोगास महारोग म्हणत, रक्तपितीही म्हणत. १८७३ साली नॉर्वेतील हॅन्सेन या डॉक्टराने त्याचा जंतू शोधून काढला, तेव्हा हा पापाचा भोग नव्हे, रोग आहे, एवढे सिद्ध झाले. पण ज्ञानाबरोबर भीतीही वाढली. कुष्ठरुग्णांची सेवा करणारे पाद्री डेमियन १८८९ साली त्याच रोगाने वारले आणि त्या वार्तेने युरोप हादरला. पाठोपाठ १८९०-९१ मध्ये एक चौकशी मंडळ हिंदुस्थानात हिंडून गेले. संसर्गाने हा रोग फारच थोड्या प्रमाणात पसरतो, सक्तीने सर्वांस वेगळे ठेवण्याचे कारण नाही, असा त्या मंडळाचा अभिप्राय पडला. तो अभिप्राय हाताशी असूनही सरकारने १८९८ साली तिसरा अधिनियम केला. त्याचे नावच ‘लेपर्स ॲक्ट’.

हा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. जखमा वाहू लागलेला जो रोगी रस्त्यावर भीक मागतो किंवा ज्याच्या उपजीविकेचे साधन दिसत नाही, त्यास पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे, तपासनिसाने तपासावे आणि न्यायाधीशाने आश्रमात धाडावे. आश्रम हा आमचा शब्द. कायद्याचा शब्द ‘असायलम’. ज्याच्या घरी खायला आहे तो रोगी या व्याख्येत बसत नाही. म्हणजे कायदा रोगाचा होता की दारिद्र्याचा, हे वाचकांनीच ठरवावे. नवव्या कलमात तर प्रांतिक सरकारास असा अधिकार होता की, रोग्याने विक्रीसाठी अन्न शिजवू नये, औषध वा कापड विकू नये, सार्वजनिक विहिरीतळ्यांवर पाणी घेऊ नये, स्नान करू नये, भाड्याच्या वाहनात बसू नये असा हुकूम काढावा. त्या वाहनांतून रेल्वेचा डबा तेवढा वगळला होता. ही सवलत दयेने दिली की रेल्वेचे नियम निराळे होते म्हणून, हा प्रश्न आमच्यासारख्या कारकुनास सुचतो खरा.

हुकूम निघो वा न निघो, समाजाला तो आधीपासूनच पाठ होता. याचे उदाहरण वऱ्हाड-चांद्याकडचे आहे आणि ते परके मानण्याचे कारण नाही. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत दुर्ग, रायपूर, बिलासपूर, वर्धा, अमरावती, चांदा हे सगळे जिल्हे एकाच नागपूरच्या राजधानीखाली होते. भिलाईची पहिली भट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली, तेव्हा ही फाळणी होऊन पुरती अडीच वर्षेही लोटली नव्हती. त्या जुन्या प्रांतात १९३६ साली मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. सेवाग्रामात परचुरे शास्त्र्यांच्या अंगास गांधीजी स्वहस्ते मालिश करीत. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले आणि वरोऱ्यास बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून आनंदवनाची खडकाळ जमीन फोडली. जमीन पिकली, भाजी आली, परंतु वरोऱ्याच्या बाजारात ती घेईना कोणी. १९५४ साली सेवाग्रामहून परदेशी स्वयंसेवकांची एक तुकडी आनंदवनात बांधकामास आली. ती मंडळी रोग्यांच्या बरोबर राहिली, त्यांच्या हातचे जेवली. मग हळूहळू गावकऱ्यांचाही हात त्या भाजीकडे वळला. गोऱ्या माणसाने खाल्ले म्हणून आम्ही खाल्ले, यात आमच्या शहाणपणाची शोभा किती, ते असो. भाजी मात्र विकली गेली.

छत्तीसगढात हे काम त्याहून जुने आहे आणि ते ख्रिस्ती मिशनऱ्यांचे आहे, हे प्रथम मोकळेपणाने सांगितले पाहिजे. बिलासपूरजवळ बैतलपूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि चांपा येथे विसाव्याच्या आरंभी त्यांची कुष्ठरुग्णालये निघाली. ज्यास घरच्यांनी उंबऱ्याबाहेर काढले, त्यास आत घेणारे दुसरे कोणी त्या काळी या मुलुखात नव्हते.

बैतलपुरास उपचारासाठी जे आले, त्यांत सदाशिव गोविंद कात्रे हे एक मराठी गृहस्थ होते. जन्म १९०९ चा, गुना जिल्ह्यातील. नोकरी झाशीस रेल्वेत. आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण नोकरीपायी मुलूख सोडून आलेले आहेत, त्यांना या गृहस्थाची ओळख अधिक करून द्यावयास नको. बदली, बिऱ्हाड, परगावी थाटलेला मराठी संसार, हे सारे आपल्याच घरातले. परंतु अशा नोकराच्या अंगावर एकदा हा चट्टा उठला म्हणजे त्याचे काय होई? घटनेचे ३११ वे कलम नोकरास बडतर्फीपासून काही संरक्षण देते; पण वैद्यकीय दाखल्यावर ‘असमर्थ’ असा शेरा पडला तर ते कलम कामास येत नाही. असमर्थतेचे निवृत्तिवेतन पदरात घेऊन घरी जावयाचे, आणि घरच नसेल तर कोठे, हे नियमावलीत सांगितलेले नव्हते. अपघाताने हातपाय गमावलेल्या कामगारास १९२३ च्या कायद्याने भरपाई तरी होती. जो माणूस यंत्राने नव्हे, रोगाने अपंग झाला, त्याच्यासाठी कायद्याचे पान कोरेच होते.

कात्रे बरे होऊन स्वस्थ बसले नाहीत. १९६२ साली त्यांनी चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ स्थापन केला आणि जवळच्या सोंठी गावी आश्रम वसविला. त्या जागेस आता कात्रेनगर म्हणतात. बाबा आमटे, पटवर्धन, दिवाण हे सारे थोर. परंतु ते निरोगी हातांनी रोग्याकडे गेलेले लोक होते. कात्रे स्वतः त्या वाटेने आलेले होते. स्वतः रोग भोगलेल्या माणसाने रोग्यांची संस्था उभारावी, शेती करवून घ्यावी, वर्गणीसाठी दारोदार फिरावे, आणि ज्या हातांवर रोगाच्या खुणा आहेत तेच हात दात्यापुढे जोडावेत, यास केवढे धैर्य लागले असेल याची कल्पना वाचकांनी करावी. १९७७ साली ते वारले. तत्पूर्वी पाच वर्षे, १९७२ मध्ये, अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट त्यांना येऊन मिळाले होते. नागपुरात शिकून जशपूरच्या बाजूस वनवासी मुलांना शिकविणारा हा माणूस सोंठीस आला तो कायमचाच. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या सेवेस सेहेचाळीस वर्षे झाली होती.

दरम्यान औषधाची कथा वेगाने पुढे गेली. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात सल्फोनची औषधे आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सांगितला आणि तो सुरू करणाऱ्या पहिल्या जिल्ह्यांत आपला वर्धा होता. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले. छत्तीसगढ मात्र त्या रेषेपर्यंत पोचलेले नव्हते. रोग बरा होऊ लागला. पण बोटांची गेलेली संवेदना औषधाने परत येत नाही, आणि ‘बरा झाला’ हा शब्द गावास पटतही नाही.

येथे कायद्याकडे वळू. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा केला. ७ फेब्रुवारी १९९६ पासून तो अमलात आला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार सांगितले आणि कुष्ठमुक्त माणसाचे नाव त्यांत होते. शतकापूर्वीच्या कायद्यात ज्यास पकडावयाचे होते, त्याच्या हक्कांची भाषा येथे प्रथम आली. सत्तेचाळिसाव्या कलमाने आणखी एक मोठी गोष्ट केली. सेवेत असताना अपंग झालेल्या नोकरास काढता येणार नाही, खालच्या हुद्द्यावर आणता येणार नाही. योग्य जागा नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर त्यास ठेवावे. हे कलम तीस-चाळीस वर्षे आधी असते तर! आस्थापना शाखेत बसणाऱ्या माणसास ‘अधिसंख्य पद’ हे शब्द रुक्ष वाटतात. पण त्या दोन शब्दांत एका कुटुंबाचे सरकारी बिऱ्हाड शाबूत राहते.

मात्र याच कायद्यात एक उणीव होती आणि ती कारकुनी डोळ्यासच लवकर दिसते. व्याख्येत कुष्ठमुक्त होता. पण तेहेतिसाव्या कलमात नोकऱ्यांतील तीन टक्के जागा वाटल्या, त्यात अंध व अल्पदृष्टी, श्रवणदोष, चलनवलनाचा दोष किंवा मेंदूचा पक्षाघात, एवढीच नावे. कुष्ठमुक्ताचे नाव तेथे नाही. ज्याची बोटे झडली त्याचा चलनदोषाच्या रकान्यात समावेश करता येत असेल. पण त्यासाठी त्याने आपल्या रोगाचे नाव मागे ठेवून पुढे यावे, असाच त्याचा अर्थ. २०१६ च्या कायद्याच्या चौतिसाव्या कलमात हा शब्द स्पष्ट लिहिला गेला. व्याख्येपासून बिंदुनामावलीपर्यंत येण्यास त्यास एकवीस वर्षे लागली.

आणि त्याच २०१६ साली, निरुपयोगी कायदे रद्द करण्याच्या ओघात, १८९८ चा तो जुना अधिनियमही रद्द झाला. स्वातंत्र्यानंतर एकोणसत्तर वर्षे तो कायद्याच्या पुस्तकात होता, हे आम्हांस हा इतिहास चाळेपर्यंत खरे वाटले नसते. एवढ्याने सर्व मिटले असेही नाही. २००८ साली ओरिसातील एका निवडून आलेल्या नगरपालिका सदस्याचे पद कुष्ठरोगाच्या कारणावरून गेले आणि सर्वोच्च न्यायालयास कायद्यापुढे ते उचलून धरावे लागले. अशी कलमे ठेवावीत काय, याचा विधिमंडळाने विचार करावा, असे मात्र न्यायालयाने त्यात म्हटले. घटस्फोटाच्या कारणांत हा रोग तर अगदी परवापर्यंत होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेने पाच वैयक्तिक कायद्यांतून तो काढून टाकला.

त्याच वर्षी १७ ऑगस्ट रोजी बिलासपुरात दामोदर बापट वारले. हावडा मार्गावर बिलासपूरच्या पुढे चांपा स्थानक लागते. कात्र्यांचे सोंठी तेथून जवळच आहे.