भाकित आणि निकाल
(अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासांतील एक प्रकरण)

ऑक्टोबर महिना लागला म्हणजे अमेरिकेंत लहानथोरांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो: यंदाची वर्ल्ड सीरीज कोण जिंकणार? या प्रश्नाचें उत्तर आगाऊ देणें हा तेथील वृत्तपत्रांचा शंभराहून अधिक वर्षें चालत आलेला उद्योग आहे. त्या उद्योगाच्या इतिहासाकडे आम्ही वळलों तें खेळाच्या आवडीपेक्षां निराळ्या कारणानें. ज्या खेळाची जवळजवळ प्रत्येक हालचाल आंकड्यांत नोंदली जाते, त्याचा अखेरचा निकाल आधीं सांगतां येऊं नये, हें कसें? आणि तो सांगतां येत नाहीं, हें दुर्दैव मानावयाचें कीं सुदैव? या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें ह्यू फुलरटन नांवाच्या एका वृत्तपत्रलेखकाच्या चरित्रांत सांपडतात.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. बेसबॉल हा क्रिकेटशीं दुरून नातें सांगणारा खेळ आहे. प्रत्येक बाजूस नऊ गडी असतात. चेंडू टोलावून फलंदाजानें चार तळांची फेरी पुरी केली म्हणजे एक धाव होते. नॅशनल लीग व अमेरिकन लीग असे संघांचे दोन समूह आहेत. सहा महिन्यांच्या हंगामांत प्रत्येक संघ दीडशेंच्या आसपास सामने खेळतो, आणि शेवटीं दोन्ही समूहांचे विजेते एकमेकांसमोर येतात. अशी पहिली मालिका १९०३ सालीं झाली व ती बॉस्टनच्या संघानें पिट्सबर्गविरुद्ध जिंकली. १९०४ सालीं मालिका झाली नाहीं. १९०५ पासून सातांपैकीं चार सामने आधीं जिंकील तो विजयी, असा नियम झाला. मध्यंतरीं १९१९ ते १९२१ हीं तीन वर्षें मात्र नऊ सामन्यांची मालिका ठेवण्यांत आली होती. १९६९ पासून या अंतिम मालिकेपूर्वीं आणखी फेऱ्या आल्या, आणि २०२२ पासून बारा संघांस हंगामोत्तर सामन्यांत प्रवेश मिळूं लागला.

१९०६ सालची गोष्ट. त्या वर्षीं दोन्ही समूहांचे विजेते शिकागो शहरांतीलच होते. नॅशनल लीगच्या कब्ज संघानें ११६ सामने जिंकले होते व अवघे ३६ गमावले होते. अमेरिकन लीगचा व्हाइट सॉक्स संघ ९३ सामने जिंकून आला होता. परंतु फलंदाजींत तो आपल्या समूहांत सर्वांत दुबळा होता, इतका कीं, टोला न मारतां जिंकणारे अशा अर्थाचें थट्टेचें नांव लोकांनीं त्यास दिलें होतें. या दोहोंतून कोण जिंकणार, हें विचारण्याचीहि जरुरी जाणत्यांस वाटत नव्हती.

फुलरटन त्या वेळीं शिकागोच्या एका दैनिकांत लिहीत असे. प्रत्येक खेळाडूच्या गुणावगुणांचें मोल आंकड्यांनीं ठरवावें व मग दोन्ही संघ ताजव्यांत घालून पाहावे, अशी त्याची पद्धत होती. त्या पद्धतीनें त्यानें व्हाइट सॉक्सच्या विजयाचें भाकित लिहून दिलें. तें छापल्यास आपलें हंसें होईल या धास्तीनें संपादकांनीं तें बाजूस ठेवलें. पुढें मालिका सुरू झाली. पहिल्या सामन्यांत व्हाइट सॉक्सनें २–१ असा विजय मिळविला. तिसऱ्यांत त्यांच्या एड वॉल्शनें प्रतिपक्षाचे बारा फलंदाज नुसत्या चेंडूफेकीवर बाद केले. या दोन्ही सामन्यांत मोक्याचा टोला जॉर्ज रोही याचा होता. हा मूळचा राखीव गडी. एका अनुभवी खेळाडूच्या दुखण्यामुळें त्यास संघांत जागा मिळालेली. शेवटच्या दोन सामन्यांत तर या दुबळ्या म्हणविल्या गेलेल्या फलंदाजांनीं प्रत्येकीं आठ धावा काढल्या, आणि चार विरुद्ध दोन सामन्यांनीं मालिका जिंकली. मग तें दडवून ठेवलेलें भाकित छापलें गेलें, व फुलरटन एका रात्रींत द्रष्टा ठरला.

तो खरोखर द्रष्टा होता काय? या प्रश्नाचा शास्त्रीय विचार पुढें हार्वर्ड विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॉस्टेलर यांनीं केला. १९४६ सालीं बॉस्टनचा बलिष्ठ रेड सॉक्स संघ सेंट लुइसच्या कार्डिनल्सकडून सातव्या सामन्यांत मालिका हरला. तेव्हां श्रेष्ठ संघ अशा मालिकेंत जिंकण्याचा संभव तरी किती, हा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. १९५२ सालीं त्यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या अनुमानाप्रमाणें श्रेष्ठ संघ मालिका जिंकण्याचा संभव शंभरांत सुमारें ८० आहे. म्हणजे पांचांतून एकदां कनिष्ठ संघच विजयी ठरावयाचा.

हा हिशेब वाचकांसहि घरीं पडताळून पाहतां येईल. एकेका सामन्यांत शंभरांत ६५ वेळां जिंकण्याची ताकद एखाद्या संघांत असेल, तर सात सामन्यांच्या मालिकेंत त्याचा संभव ८० होतो. परंतु संघ तुल्यबळ असून ही ताकद केवळ ५५ असेल, तर मालिकेंतील संभव जेमतेम ६१ भरतो. म्हणजे एका सामन्याऐवजीं सात खेळविले तरी निर्णयाची खात्री अवघ्या सहांनीं वाढते. अशा दोन संघांत श्रेष्ठ कोण, हें शंभरांत ९५ इतक्या खात्रीनें ठरवावयाचें तर अडीचशेंहून अधिक सामने खेळवावे लागतील, आणि इतके तर सबंध हंगामांतहि होत नाहींत! लांबलचक हंगाम म्हणजे धान्याची रास मापणें होय. सात सामने म्हणजे तींतील एक मूठ उचलून पाहणें होय. मुठींत काय येईल याचा अंदाज बांधतां येतो. परंतु कोणता दाणा येईल हें सांगणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे.

यावरून फुलरटनचें भाकित म्हणजे निव्वळ दैव, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हंगामभर सामने वांटून घेणारे पुष्कळ गोलंदाज लागतात. लहान मालिकेंत मात्र दोन-तीन उत्तम गोलंदाजांवर सारा भार टाकतां येतो. एड वॉल्शसारखा गडी ज्या संघांत आहे, त्याचें बळ सात सामन्यांपुरतें वाढतें, हें मर्म जाणणाराचा अंदाज इतरांपेक्षां बरा ठरणारच. पण बरा अंदाज आणि खात्री यांत अंतर आहे, व तें अंतर काळानेंच फुलरटनला दाखविलें.

१९१९ सालीं पुन्हां व्हाइट सॉक्सच अमेरिकन लीगचा विजेता ठरला. समोर सिन्सिनाटीचा रेड्स संघ होता. त्याची हंगामांतील कामगिरी ९६ विजयांची, म्हणजे व्हाइट सॉक्सच्या ८८ हून सरस होती. तरीहि जाणत्यांचा कौल व्हाइट सॉक्सकडेच होता, व फुलरटनचें भाकितहि तेंच होतें. परंतु मालिकेच्या तोंडावर पैजांचा बाजार एकाएकीं फिरला. सिन्सिनाटीवर पैसा लागूं लागला. फुलरटनच्या कानांवर कुजबूज आली. पूर्वींचा विख्यात गोलंदाज ख्रिस्टी मॅथ्यूसन याला शेजारीं बसवून तो सामने पाहूं लागला, आणि संशयास्पद वाटणाऱ्या प्रत्येक खेळीवर खूण करण्यांत येऊं लागली. पहिल्याच सामन्यांत व्हाइट सॉक्सचा गोलंदाज एडी सिकॉट यानें पहिल्या फलंदाजाच्या पाठींत चेंडू मारला. काम होणार, अशी जुगाऱ्यांस दिलेली ती खूण होती. व्हाइट सॉक्सनें तो सामना १–९ असा व पुढें मालिका तीन विरुद्ध पांच अशी गमावली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फुलरटननें न्यूयॉर्कच्या एका पत्रांत या संशयास जाहीर वाचा फोडली, तेव्हां त्याच्या पदरीं उपहासच आला. आपलें भाकित खोटें ठरलें म्हणून हा कांगावा करतो, असें म्हणणें सोपें होतें. परंतु १९२० च्या सप्टेंबरांत सिकॉटनें चौकशी मंडळापुढें दहा हजार डॉलर घेतल्याचें कबूल केलें, व एकंदर आठ खेळाडूंवर आरोप ठेवण्यांत आले. १९२१ च्या ऑगस्टमध्यें न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें. तथापि खेळाचे नवे आयुक्त, न्यायमूर्ति लॅंडिस यांनीं दुसऱ्याच दिवशीं आठांनाहि कायमचें बहिष्कृत केलें. ही बंदी २०२५ सालीं उठविण्यांत आली, तेव्हां त्या आठांपैकीं एकहि हयात नव्हता.

आतां आरंभींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. १९०६ सालीं सारे तज्ज्ञ चुकले, परंतु कोणी फसविला गेला नाहीं. १९१९ सालीं मात्र कांहीं थोड्यांचें भाकित अगदीं निश्चित होतें, आणि तें निश्चित होतें याचें कारण एवढेंच कीं, निकाल विकत घेतला गेला होता. तेव्हां मैदानावरील अनिश्चितता ही ज्ञानांतील उणीव असली, तरी ती खेळाच्या प्रामाणिकपणाची साक्षहि आहे. २००१ सालीं सीॲटलच्या मरिनर्स संघानें ११६ सामने जिंकून कब्जच्या जुन्या विक्रमाशीं बरोबरी केली, व ९५ विजय मिळविणाऱ्या न्यूयॉर्कच्या यांकीजकडून तो अंतिम मालिकेपूर्वींच एक विरुद्ध चार असा हरला. सीॲटलकरांस दुःख झालें असेल. परंतु त्या दुःखांत विष नव्हतें. १९१९ च्या पराभवाचें दुःख तसें नव्हतें.

म्हणून भाकितें करूं नयेत, असा उपदेश आम्ही करीत नाहीं. अंदाज बांधण्यांत बुद्धीस व्यायाम आहे, आनंदहि आहे. मात्र अंदाज सांगणारानें आपली खात्री शंभरांत किती, तेंहि बरोबर सांगावें. आणि ऐकणारानें उरलेल्या वीस-पंचवीसांची आठवण ठेवावी. रोहीसारख्या राखीव गड्याची जागा त्या वीस-पंचवीसांतच असते.