आग्नेयेकडे तोंड केलेल्या छत्र्या

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात उंचावर उभं राहून छपरांकडे पाहिलं, तर छत्र्यांची तोंडं आग्नेयेकडे वळलेली दिसतात. डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेचं प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतं. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर आहे, आणि नांदेड ७७ अंशांच्या किंचित पुढे. म्हणून छत्री पूर्व आणि दक्षिणेच्या मधोमध वळवून साठेक अंश वर उचलावी लागते. देगलूर असो, निलंगा असो की माहूर, कोन जवळपास तोच राहतो. आधीच्या अँटेनाचं तसं नव्हतं. तो जवळच्या मनोऱ्याकडे बघायचा, आणि मनोरा लांब असला तर पडद्यावर मुंग्या दिसायच्या. या भागात डिजिटल टीव्ही आला तेव्हा चित्राच्या स्वच्छतेपेक्षा मोठी गोष्ट घडली: मनोऱ्यापासूनचं अंतर निरर्थक झालं. आणि ते सरकारने ठरवलेल्या मुदतींमुळे झालं नाही, हे मला ठामपणे मांडायचं आहे.

हे अंतर किती होतं ते आधी पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र मिळू लागलं. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. १९७५-७६ साली उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं त्यात होती. कर्नाटकातला गुलबर्गा जिल्हा होता, म्हणजे उमरग्याच्या शिवेपलीकडे टीव्ही दिसत होता. पण महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. इकडे टीव्ही पोचला तो १९८३ साली इन्सॅट-१बी गेल्यानंतर. १९८४ मध्ये देशभर काही महिने रोज सरासरी एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. त्यांतली बहुतेक लघुशक्ती केंद्रं म्हणजे शंभर वॅटची, दहा-पंधरा किलोमीटरांपुरती. शहर आणि आसपासची खेडी झाली की त्यांची हद्द संपायची. अंबाजोगाईच्या उच्चशक्ती केंद्राने लातूरकडच्या बऱ्याच भागाला आधार दिला. किनवट-माहूरच्या डोंगरांत मात्र लोखंडी पाइपाला पाइप जोडून अँटेना कितीही उंच नेला तरी डोंगर आड येणारच. शिवाय ही केंद्रं सुरुवातीला उपग्रहावरून दिल्लीचाच कार्यक्रम उचलून दाखवत. मुंबईत बनलेला मराठी कार्यक्रम मुंबईच्या सहाशे किलोमीटर आत राहणाऱ्या मराठी माणसाला दिसत नव्हता. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणानंतर मराठवाड्याने रस्ते, रेल्वे, पाणी यांच्या अनुशेषाचा हिशेब वर्षानुवर्षं मांडला. प्रक्षेपणाचा अनुशेष कुणी त्या यादीत घातला नाही, तरी तो होताच.

यावर कुणी म्हणेल की अंतर तर केबलने नव्वदच्या दशकातच मोडून काढलं. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास ते खरंच आहे. १९९२ साली झी टीव्ही आला, १९९९ ला अल्फा मराठी, २००० साली ईटीव्ही मराठी, आणि केबलवाल्याने ते घरात आणून दिले. पण केबलला घरं दाटीने लागतात. खांबाखांबावरून वायर ओढायची, मध्ये ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे, आणि तो खर्च वसूल व्हायला एका गल्लीत पाचपन्नास जोडण्या हव्यात. मुखेड-किनवटकडच्या बंजारा तांड्यांवर किंवा शेतातल्या वस्तीवर ते गणित बसत नाही. केबलने शहर आणि मोठी गावं जोडली आणि जुन्या अंतराच्या जागी नवं अंतर उभं केलं.

सरकारी डिजिटलीकरणानेही हाच क्रम गिरवला. २०११ च्या दुरुस्ती कायद्याने केबल डिजिटल करायची ठरली, ती लोकसंख्येच्या उतरंडीने: आधी महानगरं, मग मार्च २०१३ पर्यंत दहा लाखांवरची शहरं, ज्यांत तेव्हाचं औरंगाबाद होतं. नांदेड आणि लातूर ही दोन्ही महापालिका क्षेत्रं दहा लाखांच्या आत, म्हणून तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ ला. खेडी त्याच्याही मागे, २०१७ पर्यंत. लातूरकरांसाठी ती तारीख कशी आली पाहा: घराघरांत टँकरचे पैसे मोजले जात होते, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. त्याच हंगामात सेट टॉप बॉक्स घ्या, नाहीतर टीव्ही बंद. मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपणही याच सुमारास, फेब्रुवारी २०१६ मध्ये, देशातल्या सोळा शहरांत सुरू झालं. मराठवाड्यातलं त्यात एकच शहर, पुन्हा औरंगाबाद. तिथून नांदेड अडीचशे किलोमीटरच्या पुढे. म्हणजे तंत्र बदललं, रांग तीच राहिली.

ही रांग मोडली ती फ्री डिशने. डीडी डायरेक्ट प्लस या नावाने १६ डिसेंबर २००४ रोजी ३३ चॅनेलांवर ती सुरू झाली. दर महिन्याचे पैसे नाहीत, ग्राहक क्रमांक नाही, कार्ड नाही. बाजारातून छत्री आणि बॉक्स एकदा आणायचा, तालुक्याच्या गावचा मेकॅनिक येऊन नट ढिले करतो, छत्री बोटभर सरकवतो, पडद्यावरची सिग्नलची पट्टी भरली की नट आवळतो. एवढ्यावर काम संपतं. पण ती बोटभर जागा घट्ट राहावी लागते. पूर्वीच्या माळवदात, मातीच्या जाड थरात, काही पक्कं रोवणं अवघडच. १९९३ च्या भूकंपाने किल्लारी परिसरातली माळवदं माणसांच्या अंगावर पडली, त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसली आणि तिथल्या घरांवर पक्कं छत आलं. छत्रीसाठी काही ती घरं बांधली नव्हती. पण पुढे तिला बूड मिळालं ते अशा छतांवर. खाजगी डीटीएचही तोवर आलं होतं. त्यातली एक कंपनी तर याच मराठवाड्यातल्या चितेगावात टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनची. पण तिथे दर महिन्याला रिचार्ज आला, आणि सुगीवर जगणाऱ्या घरात महिन्याचा हप्ता सर्वांत आधी तुटतो.

फ्री डिशवर एक आक्षेप रास्त आहे. तिथल्या चॅनेलांच्या जागा दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती लिलावाने विकते, म्हणून लोकसेवेच्या नावाखाली तो बाजारच झाला, असं म्हटलं जातं. त्यातला धोका मी नाकारत नाही. १ मार्च २०१९ ला मोठ्या कंपन्यांनी आपले लोकप्रिय हिंदी चॅनेल तिथून काढून घेतले, ते २०२० मध्ये परत आले. प्रेक्षकाला विचारण्याचा प्रश्नच आला नाही, कारण तो पैसे देत नव्हता. पण २०१९ च्याच फेब्रुवारीत केबल आणि डीटीएचच्या घरांना शंभर चॅनेलांसाठी १३० रुपये आणि वर कर, असे १५३ रुपये ४० पैसे पायाभूत म्हणून द्यावे लागू लागले, वर आवडीच्या चॅनेलांची किंमत वेगळी. पैसे देणाऱ्याला तरी कुणी विचारलं? बाजाराचा उपद्रव दोन्हीकडे होता. फ्री डिशवर निदान दूरदर्शनची मराठी सह्याद्री वाहिनी कायम फुकट राहिली.

दुसरा आक्षेप मोबाइलचा: आता सगळं फोनवर आहे, मग छत्री कशाला जपायची? त्याची परीक्षा २०२० मध्ये झाली. कोविडमुळे शाळा बंद होत्या. शिकवण्यांच्या ‘लातूर पॅटर्न’साठी ओळखल्या जाणाऱ्या लातूर शहरात वर्ग ऑनलाइन गेले, पण ज्या घरात एकच फोन आणि तो बापाबरोबर शेतात, तिथल्या मुलांना ती सोय नव्हती. २० जुलैपासून सह्याद्रीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, मराठीत, रोज ठरलेल्या वेळी. माहूरच्या तांड्यावरच्या छत्रीला आणि लातूर शहरातल्या छत्रीला तोच पाठ एकाच क्षणी मिळत होता. नेटपॅक लागत नव्हता. पुढच्या दीड-दोन वर्षांत प्रसार भारतीने जुनी अ‍ॅनालॉग केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली, मार्च २०२२ पर्यंत देशात जेमतेम पन्नासेक उरली. तोवर तांड्यावरच्या घराचा त्या मनोऱ्यांशी संबंध सुटलेला होता. एक अडचण मात्र राहिली. टिलीमिली सुरू झाली ती ऐन पावसाळ्यात. आग्नेयेकडून ढग दाटून आले, जोराची सर पडली की चित्राचे चौकोन होत, मग पडदा काळा पडे, आणि सर ओसरेपर्यंत गणिताचा पाठ पुढे निघून गेलेला असे.