चेरीताल : गाडलेल्या गोष्टींचा हिशेब

जबलपूरला बदली होऊन आठ महिने झाले, पण चेरीतालला जाणं झालं ते परवा, एका रविवारच्या चहाच्या आमंत्रणामुळे. सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब तिथे राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले. शेवटची नोकरी इथल्या वन सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये झाली, मुलांच्या शाळा इथेच झाल्या, मग घरही इथेच झालं. ब्लॉगवर नाव नको म्हणाले, म्हणून लिहीत नाही.

गेल्या गेल्या मी विचारलं, "साहेब, ताल कुठाय?"

त्यांनी खाली बोट दाखवलं. "तुम्ही त्यातच उभे आहात, सर."

जबलपुरात कुणालाही विचारा, इथे बावन्न ताल होते असं अभिमानाने सांगतील. त्यातले तीन एकाच गोष्टीत येतात. राणीताल राणी दुर्गावतीने बांधला, आधारताल तिच्या दिवाणाने, आधारसिंहाने, आणि चेरीताल तिच्या दासीने. चेरी म्हणजे दासी. ही लोकपरंपरा आहे. दुर्गावतीची मात्र तारीख आहे. २४ जून १५६४ रोजी, अकबराचा सरदार आसफखान याच्या फौजेशी लढताना नर्रई नाल्यापाशी ती पडली. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, मग तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांकडे. राज्यं बदलली तरी ताल होते. ते बुजले ते शहर वाढलं तेव्हा. आधारतालमध्ये अजून पाणी दिसतं, चेरीतालमध्ये गल्ल्या, दुकानं आणि स्कूटर दिसतात. तलाव उरला तो फक्त नावात.

काकूंनी पोहे आणले आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी जेसीबी येऊन उभा राहिला. मलवाहिनीच्या जोडण्यांचं काम होतं. मुकादमाने चुन्याने एक रेघ ओढली आणि ऑपरेटरने बकेट खाली केलं. सुभेदारसाहेब कप ठेवून उठले. मीही उठलो, आणि खरं सांगतो, माझ्या हाताला घाम सुटला होता. त्याचं कारण सांगायला हवं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी मेजर होतो. एका जुन्या छावणीत पावसाळ्याआधी पाण्याची लाइन टाकायचं काम माझ्याकडे होतं. खोदाईच्या परवान्यावर माझी सही होती. सही करण्याआधी मी नकाशा बघितला होता. ११ केव्हीची केबल रस्त्याच्या कडेपासून ४ मीटरवर दाखवलेली होती. आम्ही त्यापासून चांगले लांब खोदत होतो. तिसऱ्या दिवशी एका हवालदाराची पहार केबलमध्ये घुसली. आवाज झाला तो बंदुकीसारखा. हवालदार वाचला, पण दोन्ही हात भाजले. उजव्या हाताची बोटं आजही पूर्ण वळत नाहीत. दिवाळीला न चुकता फोन करतो. कधी दोष दिला नाही, आणि त्यामुळेच तो फोन घेताना मला जड जातं.

चौकशी झाली. कागदपत्रं ठीक निघाली. नकाशाही खरा होता. तो काढला तेव्हा केबल रस्त्याच्या कडेपासून ४ मीटरवरच होती. नंतर रस्ता दोनदा रुंद झाला, कड सरकली, आणि केबल आहे तिथेच राहिली. शिवाय मधल्या काळात कुणीतरी मैदान सपाट करताना वरची माती काढून नेली होती. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ११ केव्हीची केबल ९० सेंटिमीटर खोल असायला हवी. ती सापडली अर्ध्या मीटरच्या आत.

मी सॅपर आहे. २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रमच्या वेळी मी नुकताच कमिशन होऊन आलो होतो आणि सीमेवर सुरुंग पेरण्याचं काम जवळून पाहिलं. सुरुंगक्षेत्राची नोंद कशी ठेवतात हे फौजेतल्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. आधी न हलणारी खूण शोधायची. पक्क्या विहिरीचा काठ, पुलाचा खांब, मैलाचा दगड. तिथून दिशा आणि अंतर मोजत रांगेची सुरुवात, वळण, शेवट, प्रत्येक रांगेतली संख्या, सगळं लिहायचं. शेतकऱ्याचा बांध खूण म्हणून चालत नाही, कारण बांध सरकतो. लेफ्टनंटने झाड खूण म्हणून घेतलं तर कंपनी कमांडर कागद तोंडावर फेकतो. एवढं करूनही वाळू सरकली की सुरुंग सरकतो, आणि ते काढताना माणसं जखमी होतात, मरतात. पण नोंदीवर कुणी आळस केला असं होत नाही.

शत्रूसाठी जमिनीत काय पुरलं याची एवढी पक्की वही ठेवणारे आपण, आणि आपल्याच बराकीच्या दिव्याची केबल कुठून जाते हे विचारलं तर उत्तर "रस्त्याच्या कडेने". हे मला त्या दिवशी उमगलं, तोपर्यंत नाही. सुरुंग जीव घेतो म्हणून नोंद. केबल दिवा लावते म्हणून नोंद नाही. खोदणाऱ्याच्या हाताला मात्र दोन्ही सारखेच.

लोक म्हणतात आता यंत्रं आहेत. आहेत, आणि त्यांचा इतिहास मोठा मजेदार आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कुठे अडकली हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं नवं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. तारेच्या वेटोळ्यांजवळ धातू आला की कानातल्या रिसीव्हरमध्ये आवाज यायचा. तत्त्व बरोबर होतं. पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरने शोधायला दिली ती शरीराची एकच बाजू. गोळी सापडली नाही, सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले. धातुशोधकाच्या पहिल्या मोठ्या परीक्षेत दोन चुका झाल्या. आसपासचं लोखंड हटवलं नाही, आणि "असेल तर इथेच असेल" हे आधीच ठरवून टाकलं. या दोन्ही चुका मी साइटवर दर वर्षी बघतो.

मग आले सुरुंग. फेब्रुवारी १९४१ मध्ये ॲबिसिनियाच्या आघाडीवर आमच्या बॉम्बे सॅपर्सच्या २१ फील्ड कंपनीतले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत चार दिवस ताफ्याच्या सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसून ५५ मैल सुरुंग शोधत गेले. १५ सुरुंगक्षेत्रं. दोनदा गाडी उडाली, नंतरच्या एका स्फोटात कानाचा पडदा फाटला, तरी माणूस खाली उतरेना. वय बावीस. यंत्राचा भरवसा नव्हताच. उकरलेली माती, दबलेलं गवत, वाटेवरचा नको तो सपाटपणा, हे वाचायचं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. खडकीत ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली की तिच्यातला खरा भाग, म्हणजे जमीन वाचणं, बहुतेकांच्या कानावरून गेला.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये पोलंडच्या फौजेतला एक अधिकारी, युझेफ कोसात्स्की, हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक बनवत होता. ऑक्टोबर १९४२ मध्ये अल अलामीनला तो वापरला गेला आणि वाट साफ करण्याचा वेग जवळपास दुप्पट झाला. जर्मनांनी काय केलं? लाकडी पेटीतले सुरुंग काढले, नंतर काचेचे. यंत्र धातू ओळखत होतं, म्हणून धातूच जवळपास काढून टाकला. शेवटी सॅपर पुन्हा पोटावर आडवा झाला आणि हातातली सळई तिरकी, हलक्या हाताने जमिनीत खुपसू लागला.

आता हेच आपल्या गल्लीत आणून बघा. केबल शोधायचं यंत्र दोन प्रकारे ऐकतं. एक, चालू केबलमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाट. दोन, आपणच नळाच्या व्हॉल्व्हला किंवा केबलच्या आवरणाला ट्रान्समीटर जोडून सूर सोडायचा, बहुतेक वेळा ३३ किलोहर्ट्झचा, आणि वरून रिसीव्हर फिरवत तो पकडायचा. पहिला प्रकार आळशी माणसाला आवडतो, कारण काही जोडावं लागत नाही. पण केबलमधून प्रवाह जात नसेल तर गुणगुणाट कुठला? रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा गप्प असते आणि खोदाई दिवसाच होते. आणि गॅसचा पिवळा प्लास्टिकचा नळ, पाण्याचा एचडीपीई, धातूचा अंश नसलेली ऑप्टिकल फायबर ही तर ते जर्मन लाकडी पेटीचीच भावंडं. सोबत तार किंवा इशाऱ्याची धातूची पट्टी टाकली नसेल तर यंत्र त्यांच्या डोक्यावरून हसत निघून जातं. त्यासाठी जमिनीत लहरी सोडणारं रडार आहे. ते कोरड्या वाळूत छान बघतं. ओल्या चिकणमातीत मात्र लहरी वरच विरतात. आणि चेरीताल म्हणजे काय, तर तळ्याचा गाळ.

मोठं गाव, मोठं यंत्र, म्हणून सुटका होते असंही नाही. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राला पाणी नेणारा महापालिकेचा बोगदा ५,५०० मिलिमीटर व्यासाचा, सुमारे १५ किलोमीटर लांबीचा. म्हणजे आत ट्रक चालेल. मुंबईचं बहुतेक पाणी त्यातून येतं. ठाण्यात कुणीतरी बोअरवेल घेतली आणि तो बोगदाच फुटला. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईला १५ टक्के पाणीकपात सोसावी लागली. एवढी मोठी वस्तू जमिनीखाली आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? महापालिकेला माहीत होतं. बोअर घेणाऱ्याला नव्हतं. माहिती होती, पण ड्रिलच्या टोकाशी नव्हती.

बेल्जियममधल्या गिलेंगियाँची गोष्ट याहून वाईट. तिथे गॅसच्या मोठ्या वाहिनीला खोदाईयंत्राचा ओरखडा बसला. लगेच काहीच झालं नाही. काही आठवड्यांनी, ३० जुलै २००४ रोजी, वाहिनी फुटली आणि २४ माणसं गेली. नुसतं खरचटलं, गळती नाही, म्हणून माती ओढून पुढे जाणाऱ्या प्रत्येक मुकादमाला मी ही गोष्ट सांगतो.

आपल्या सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं. खोदणाऱ्याने जागा कळवायची, त्या जागेखाली ज्यांचं काही आहे त्यांना संदेश जातो. बेशिस्त खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. चांगली गोष्ट आहे, वापरा. पण ॲपला तेवढंच माहीत, जेवढं पुरणाऱ्याने कळवलं.

तर, गल्लीत. जेसीबी थांबवला. मुकादम वैतागला, त्याचं यंत्र तासाच्या भाड्यावर होतं, त्याचंही बरोबरच होतं. सुभेदारसाहेबांनी त्याला आधी चहा पाजला. मग दोन फोन केले. एक वीज कार्यालयातल्या लाइनमनला, की गल्लीचा पुरवठा बंद करून तसं पक्कं कळव. दुसरा पाणी सोडणाऱ्याला, आपल्याकडे ज्याला चावीवाला म्हणतात त्याला. तो सायकलवरून आला. साठीला टेकलेला. गल्लीत उभं राहून त्याने व्हॉल्व्हच्या दोन झाकणांमधून नजरेने रेघ धरली आणि म्हणाला, मुख्य नळ सरळ नाही, पिंपळापाशी वाकतो. पिंपळ कुठेही नव्हता. रस्ता झाला तेव्हा तोडला. त्याने पानपट्टीच्या टपरीकडे हात केला, "इथे होता."

चुन्याची रेघ बरोबर त्या वाकणावरून जात होती.

आम्ही आडवा चाचणी खड्डा घेतला. पहार नाही, टिकाव नाही. फावड्याने, थर थर काढत. दांडे कोरडे लाकडी, पायात रबरी बूट. ६० सेंटिमीटरवर निळ्या पट्ट्याचा एचडीपीई नळ निघाला, जो चावीवाल्यालाही ठाऊक नव्हता. कुणीतरी खासगी जोडणी ओढली होती. त्याच्याखाली, थोडा बाजूला, बिडाचा जुना नळ, त्याने सांगितला तसाच वाकलेला. आणि त्याखाली मातीचा रंग बदलला. काळाकुट्ट, लोण्यासारखा गाळ, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे पांढरे शंख. मजूर पोरगा हातात घेऊन बघत राहिला, इथे कुठून आले म्हणून. सुभेदारसाहेब त्याला चेरीची गोष्ट सांगायला लागले.

मुकादमाने रेघ दीड मीटर सरकवली. काम दुपारनंतर सुरू झालं. चावीवाल्याला निघताना विचारलं, पुढच्या माणसाला हे सगळं दाखवलंय का. म्हणाला, "पुढचा माणूस अजून आलेलाच नाही. मी मार्चमध्ये रिटायर होतोय."

खड्डा बुजवायच्या आधी सुभेदारसाहेबांनी घरातून टेप आणि रंगाचा डबा आणला. देवळाच्या जोत्याचा कोपरा आणि स्वतःच्या घराचा कोपरा, अशा दोन ठिकाणांहून अंतरं मोजली. टपरीपासून मोजू नका, असं मी म्हणणार होतो, पण त्यांनी टपरीकडे बघितलंसुद्धा नाही. मग भिंतीवर, नातवाच्या क्रिकेटच्या स्टंपांच्या शेजारी, पांढऱ्या रंगात तीन ओळी लिहिल्या : निळा नळ, खोली ६० सें.मी. बीड, खोली ९५ सें.मी. आणि दोन्ही अंतरं. खाली तारीख.

काकू म्हणाल्या, "आत्ताच तर भिंत रंगवली होती."