लष्करी वायरलेस ते मोबाइल टॉवर : निवृत्त जवानांना टेलिकॉममध्ये संधी कशी?

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीच्या नावातच सैन्य आहे. सैन्यातले अनेक जवान चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतात. मुलांची शिक्षणं बाकी असतात आणि समोर बहुतेकदा सिक्युरिटी गार्डची नोकरी येते. पण सिग्नल्समध्ये रेडिओ सांभाळलेल्या जवानाकडे बाहेरही चालणारं कौशल्य असतं.

कौशल्य कोणतं?
१९११ मध्ये स्थापन झालेली ‘कोअर ऑफ सिग्नल्स’ लष्कराची संपर्कयंत्रणा सांभाळते. अँटेना उभारणं, फ्रिक्वेन्सी वाटून देणं, एका संचाचा दुसऱ्याला अडथळा होऊ न देणं हे तिथलं काम. मोबाइल कंपन्यांत याच्याच जवळच्या कामाला ‘आरएफ प्लॅनिंग’ आणि ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतात : टॉवरवरचा अँटेना कुठे वळवायचा, रेंज कुठे तुटते, इंटरफिअरन्स कुठून येतो.

नवं काय शिकावं लागतं?
आयपी नेटवर्किंग, ऑप्टिकल फायबर आणि ४जी-५जी. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या जवानांसाठी कोर्स चालवतं. माहितीसाठी कोल्हापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

बायोडेटात काय लिहावं?
‘सिग्नलमध्ये १७ वर्षं’ एवढ्यावरून कंपनीला काहीच कळत नाही. कोणती कामं केली, किती जणांची टीम सांभाळली, बिघाड कसे शोधले, ते साध्या शब्दांत लिहावं. मात्र लष्करी फ्रिक्वेन्सी, तैनातीची ठिकाणं, यंत्रणेचे तपशील अजिबात नकोत. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा वर्दी उतरल्यावरही लागू राहतो.