संतमस : एका दूरच्या ग्रहाचा इतिहास

चैत्र-वैशाखात दिवेलागण झाल्यावर आपल्या जांब समर्थच्या कोणत्याही अंगणातून मघा नक्षत्र माथ्याजवळ दिसते. त्याच्या दक्षिणेस आकाशाचा एक ओसाड वाटणारा पट्टा आहे. त्या पट्ट्यात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा आणि आपल्यापासून सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर असलेला एक तारा आहे. त्याच्याभोवती आपल्या गुरूच्या जातीचा, मुख्यतः वायूंचा बनलेला, एक प्रचंड ग्रह फिरतो. ताऱ्याचे नाव बिभा आणि ग्रहाचे नाव संतमस. ही नावे भारताने ठेवलेली आहेत आणि त्यांपैकी ग्रहाचे नाव पुण्यातील एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सुचविलेले आहे.

आरती संपल्यावर आपण ‘अनंतकोटी ब्रह्मांडनायक’ असा जयजयकार करतो. तेव्हा आपल्या सूर्याखेरीज इतर सूर्यांनाही त्यांची त्यांची जगे असतील, हा विचार आपल्याला परका नाही. परंतु विचार सुचणे निराळे आणि तो हिशेबाने सिद्ध करणे निराळे. ह्या दोहोंमधले अंतर तोडायला माणसाला फार काळ लागला, आणि त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा मुक्कामही आपल्या पुण्याचाच आहे.

कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील इंजिनिअर पलटणीत विल्यम स्टीफन जेकब नावाचा एक अधिकारी होता. त्याने १८४२ साली पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभारली आणि तिथून जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकासमूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याचे वेध तपासताना त्याला दिसले, की गणिताने काढलेला मार्ग आणि दुर्बिणीतून दिसणारा मार्ग यांचा मेळ बसत नाही. १८५५ साली त्याने जाहीर केले, की तिथे एखादा न दिसणारा ग्रह असावा. परक्या ताऱ्याच्या ग्रहाविषयी वेधांच्या आधारे केलेल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी हा एक होय.

न दिसणारी वस्तू कळावी कशी? ज्वारीच्या राखणीला माचाणावर उभा राहिलेला माणूस गोफण फिरवतो, तेव्हा गोफणीबरोबर त्याचे अंगही थोडे झुलते. लांबून गोफणीचा दगड दिसला नाही, तरी त्या झुलण्यावरून गोफण फिरते आहे हे ओळखू येते. तारा आणि ग्रह यांचे असेच आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो, आणि त्याच्या ओढीने ताराही लहानशा वर्तुळात डुलतो. जेकब हे डुलणे शोधत होता.

जेकबचा दावा टिकला नाही. १८९६ साली अमेरिकेतील थॉमस सी याने तसाच दावा पुन्हा केला. १८९९ साली फॉरेस्ट मोल्टन याने गणिताने दाखवून दिले, की अशी तिहेरी रचना टिकूच शकत नाही. स्वतः जेकब १८६२ च्या ऑगस्टमध्ये पुण्याजवळ उंचावर नवी वेधशाळा उभारण्यासाठी परत आला. मुंबईच्या बंदरात उतरल्यावर जेमतेम आठवड्याने, १६ ऑगस्टला, पुण्यातच त्याचा अंत झाला.

मग ह्या माणसाची आठवण कशासाठी ठेवायची? त्याचा निष्कर्ष चुकला, परंतु आपले आकडे त्याने उघड्यावर मांडले होते. म्हणूनच ते दुसऱ्याला तपासता आले. संघटनेच्या हिशेबाची वही सभासदाला पाहता आली पाहिजे, असा आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांचा आग्रह असतो. शास्त्राचा आग्रह ह्याहून निराळा नाही. जिथे वही उघडी असते तिथे चूक सापडते आणि काम पुढे सरकते.

काम पुढे सरकले ते असे. तारा आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशातील रेषा निळ्या बाजूस सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूस. ह्या सरकण्यावरून ताऱ्याचा वेग मोजता येतो. हीच रीत वापरून जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी १९९५ साली सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह शोधला. तोही वायूंचाच आणि चार दिवसांत एक फेरी पुरी करणारा. २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

२००६ साली हवाई बेटांवरील केक दुर्बिणीच्या साहाय्याने संतमसाचा शोध लागला. त्याच्या ओढीने बिभा तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने पुढेमागे होतो. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या निदान दीडपट आहे. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ १२ वर्षे लागतात. संतमसाचे वर्ष दोन दिवसांहून थोडे अधिक! बुध सूर्यापासून जितका दूर आहे, त्याच्या सुमारे एक दशांश अंतरावर हा ग्रह फिरतो.

आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने २०१९ साली आपल्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा एक ग्रह नावासाठी दिला. संतमस म्हणजे सर्वत्र दाटलेला अंधार. ढगांनी वेढलेला असू शकेल अशा ग्रहाला तो शब्द शोभतो. बिभा म्हणजे विभा, प्रकाश. परंतु ते एका बाईचेही नाव आहे. बिभा चौधुरी यांनी देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या बाजूला उंच डोंगरांवर छायाचित्रांच्या काचा ठेवून विश्वकिरणांचा अभ्यास केला. युद्धामुळे त्यांना अधिक चांगल्या काचा मिळाल्या नाहीत. पुढे त्याच वाटेने गेलेल्या सेसिल पॉवेल यांना १९५० साली नोबेल मिळाले. बिभाबाई १९४९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. १९९१ साली त्या वारल्या, तेव्हा त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते.

ज्याने राबावे त्याचे नाव कामावर राहावे, ह्यासाठी आमच्या पिढ्या भांडत आल्या. बिभाबाईंचे नाव ताऱ्याला मिळाले, पण त्यांच्या डोळ्यांदेखत मिळाले नाही, एवढी खंत उरतेच. आपल्या गावातील मुलींनी आकाशाकडे पाहावे, पाहिलेले तारीखवार वहीत लिहावे, आणि ती वही शाळेने जपून ठेवावी. त्याला मोठी दुर्बीण लागत नाही. आणि त्या वहीवर लिहिणारीचे नाव पहिल्या दिवसापासून असावे.