कार्व्हरची माती

वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे (१९८१) जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी घरांत पोहोचला. भुईमुगाचा जादूगार, निरिच्छ, सोशिक! सोशिक काळा माणूस आपल्या मध्यमवर्गाला फार आवडतो. मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच कार्व्हरविषयी.

परिस्थितिकीचा इतिहास सांगणारे हेकेलपासून सुरुवात करतात (१८६६ मध्ये त्याने हा शब्द घडवला) आणि थेट जंगलात, अभयारण्यात शिरतात. गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, वर्णामुळे कॅन्ससमधल्या कॉलेजच्या दारातून परत पाठवलेला हा माणूस त्या यादीत क्वचितच असतो. वास्तविक आयोवात तो ज्या लुई पॅमेलकडे शिकला, त्याने १८९३ मध्येच फुलांच्या परिस्थितिकीवर पुस्तक लिहिले होते.

१८९६ मध्ये कार्व्हर अलाबामात, टस्केगीला आला. कापसाने जमीन खरवडून काढलेली. काळे कूळ गोऱ्या मालकाची जमीन अर्धेलीने कसणार; बियाणे, खत, पीठमीठ दुकानदाराकडून उधार आणणार; तारण म्हणून उभे पीक. दुकानदाराला हवा कापूसच. जमीन थकली की आणखी खत, म्हणजे आणखी कर्ज. कार्व्हरने सुरुवातीला विकतची खतेही सुचवली. पण ती गरिबाला झेपत नाहीत हे पाहून तो दलदलीतला गाळ, पालापाचोळा, शेण यांकडे वळला. चवळी, भुईमूग कापसाशी आलटूनपालटून घ्या, असे तो सांगे. कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. थकलेली जमीन कशी सुधारावी यावर १९०५ मध्ये त्याने पुस्तिका काढली. १९०६ पासून टस्केगीची घोडागाडी हीच विद्या घेऊन गावोगाव हिंडू लागली.

इथेच माझा त्याच्याशी वाद आहे. जमीन कोणाची, हा प्रश्न त्याने जाहीरपणे छेडला नाही. कापूस लावायचा की भुईमूग, हे कुळाच्या हाती कुठे होते? वर्ष संपताच ज्याला उठवले जाऊ शकते, तो काही वर्षांनी सुपीक होणाऱ्या मातीत घाम का गाळील? पडीक जमीन भूमिहीनांना द्या, म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ मध्ये जे सत्याग्रह झाले, त्यांनाही मी म्हणूनच पर्यावरणाच्या इतिहासात धरतो.

कार्व्हर जानेवारी १९४३ मध्ये वारला. त्याच वर्षी मिसुरीतले त्याचे जन्मस्थळ राष्ट्रीय स्मारक ठरले. ते शेत मोझेस कार्व्हरचे. १८५५ मध्ये ७०० डॉलर मोजून जॉर्जच्या आईला, मेरीला, विकत घेणारा तो हाच.